नैवेद्याखालचं पान

ती घटना आठवली की आजही चीड येते. गौरीजेवणाच्या दुपारी जुईनगरच्या एका सोसायटीतून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला: स्वयंपाकवालीने आजोबांना विष घातलं, लवकर या. आम्ही पोहोचलो तोवर आजोबांना दवाखान्यात हलवलं होतं. जीभ सुजलेली, लाळ गळतेय, शब्द फुटत नाही. बाई वॉचमनच्या केबिनमध्ये कोंडलेली आणि तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, खाली 'विष घालणारी बाई'. आम्ही डायरीत नोंद करण्याआधी यांनी निकाल देऊन टाकलेला! पुरावा काय, तर सकाळी सुट्टीवरून तिचा आजोबांच्या सुनेशी खटका उडाला होता.

बाई उरणकडची, इथल्याच गावात दिलेली. महिला हवालदारासमोर बसवून जबाब घेतला. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी सुधारून सांगतो. ही दर वेळी तेच सांगत होती.

"सायब, जेवान मीच केलाय. त्यातलाच भात मी खाल्लाय, यांचे पोरांनीबी खाल्लाय. मंग जहर एकट्या म्हाताऱ्यालाच कसा लागला?"

हा प्रश्न खरं तर आम्हाला पडायला हवा होता. मी वर फ्लॅटमध्ये गेलो आणि कोण कशात जेवलं ते विचारलं. बाकी सगळे स्टीलच्या ताटात. आजोबा मात्र नैवेद्याच्या ताटात, त्यात पान मांडून वर वाढलेलं. घरातल्या थोरल्याचा तो मान.

"केळीची पानं संपली होती हो मार्केटमध्ये," सून म्हणाली. "म्हणून गॅलरीतलं कापलं. धुऊन घेतलं होतं."

गॅलरीत शोभेची कुंडी. रुंद हिरवी पानं, त्यावर पांढरट ठिपके. नर्सरीवाले याला डंब केन म्हणतात. ओल्या कचऱ्यातून ते पान काढलं, पंचनामा केला, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, याचा चीक तोंडाला लागला की जीभ सुजते, वाचा बसते. आजोबा बरे होतील. ताटात बसावं म्हणून पान कडेने कापलेलं, त्यावर वाफाळता वरणभात, आणि आजोबा पान निपटून जेवणारे.

अशी कुंडी आज घरोघरी आहे, तीही लहान मुलांच्या हाताशी. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. पण बाईवर बोट रोखायला सगळे तयार.

आजोबांचा मुलगा खाली केबिनमध्ये आला. "गैरसमज झाला साहेब, मिटवून टाका." मग बाईला म्हणाला, "मावशी, उद्यापासून ये."

"तुमचेकडं येनार नाय," ती म्हणाली. "पन या बिल्डिंगीत माझी बाकीची कामा हायत. जिथं फोटू टाकला तिथंच लिवा, का मी जहर नाय घातला."

तो म्हणाला, ग्रुपवर जरा ऑकवर्ड होईल. मी विचारलं, डांबून ठेवल्याची तिची तक्रार घेऊ का? त्याने मोबाईल काढला. आधी 'गैरसमज' एवढंच लिहिलं. मी ते खोडायला लावलं आणि 'पान आम्हीच कापलं' असं लिहून घेतलं.

माणूस निर्दोष आहे हे पोलीस डायरीत लिहून भागत नाही. जिथे त्याची अब्रू घेतली तिथेच ती परत द्यावी लागते. नोकरीत मी हे त्या केबिनमध्ये शिकलो.

हवालदार बाईंनी तिला मेसेज वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला, मग पिशवी उचलली आणि वरच्या मजल्यावरच्या कामाला गेली.