शेप्याच्या काड्या आणायला माकणीला

मायचा फोन आला तेव्हा मी हैदराबादेत एका उंच इमारतीत फरशी बसवत होतो. ती म्हणाली, "रस्ता रुंद करायलेत. शेप्यावर पाडायच्या खुणेचा पांढरा पट्टा मारून गेलेत."

शेप्या म्हणजे रस्त्याकडेला आमच्या बांधावरचा गावरान आंबा. पिकला की त्याला शेपूच्या भाजीसारखा वास येतो, म्हणून हे नाव. पाहुण्यांना तो वास चालत नाही, आणि आम्हाला दुसरा आंबा चालत नाही.

मला झाडांचं वेड लहानपणापासूनच. सातवीत शाळा सुटली ती त्यापायीच. गुरुजी शोधत आले की मी शेंड्यावर. पुढं पुण्यात एका रोपवाटिकेत राहिलो, मग सुरतेला गेलो, आता हैदराबाद. कुठंच बूड टेकलं नाही, पण नव्या गावात गेलो की खोली बघायच्या आधी झाडं बघून ठेवतो. साइटवर एखादं कडूलिंबाचं झाड असलं की जेवण त्याच्याखाली. इमारत पुरी होत आली की ते झाड जातं आणि तिथं गाड्या उभ्या राहतात. हे इतक्यांदा बघितलंय की शेप्या वाचवायला पळावं असं मनात आलंच नाही. रस्ता काय माझ्यासाठी वळणार होता का?

पण रोपवाटिकेतलं एक काम हातात होतं. कोय लावली तर झाड येतं, पण आंबा कसा निघेल याचा नेम नाही. हुबेहूब तोच पाहिजे तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या रोपावर चढवायची, म्हणजे कलम करायचं. मायनं दुधाच्या पिशव्यांत कोया लावलेल्याच होत्या. मी वडलांना, म्हणजे आबांना, सांगितलं, "चांगल्या काड्यांची पानं खुडून ठेवा, नुसते देठ राहू द्या. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगले की मी येतो."

श्रावणातल्या एका पहाटे निघालो. तुम्हाला जायचं असेल तर हैदराबादहून सोलापूरकडं जाणारी गाडी धरा आणि उमरग्याला उतरा. तिकीट माझ्या एका दिवसाच्या मजुरीत बसतं. स्टँडबाहेर गरम भजी मिळतात, चहा मात्र गोडमिट्ट, आधीच सांगा. तिथून एसटीनं लोहारा आणि पुढं आमच्या माकणीपर्यंत काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

आमच्या गाडीत एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली.

"मावशे, कोंबडीचं तिकीट लागतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"मग तिला पुढं खिडकीपाशी बसव की. मला कशाला मांडीवर घ्यायला लावतूस?"

लोहाऱ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार होतं. जुनी लिंबं कुठं कुठं तगून आहेत, त्यांच्या बुडाशी रस्त्याची खडी येऊन पडलेली.

मी थेट शेतात गेलो तर बांधावर भांडण पेटलेलं. एका अंगाला आबा, दुसऱ्या अंगाला शेजारचे दत्तूअण्णा.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. शेप्या बांधावर, म्हणून तो दोन्ही घरांचा. आंबे उतरवले की एका घरानं दोन वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. पुढच्या वर्षी उलटं. त्यामुळं वाटे पाडणारा कधी लबाडी करत नाही. आणि दुसऱ्या घरचं माणूस हजर नसताना झाडाला हात लावायचा नाही. आबांनी एकट्यानंच पानं खुडली होती.

"वाट्याच्या झाडाचा पाला शेरडांना घालायलाव व्हय, आबा?" अण्णा ओरडत होते. "पडायच्या आधीच वरबाडून घ्यायलाव?"

"पोरानं सांगितलं म्हणून खुडला!"

"पोरगं ऱ्हातंय हैदराबादेत, आन् पाला हितं खुडा म्हणतंय!"

डोळे फुगले होते, दोन-चार दिवसांत फुटले असते. मग त्या काड्यांचा उपयोग नाही, आणि दुसऱ्या काड्या तयार होईपर्यंत झाड राहिलंच नसतं. अण्णांनी अडवलं की शेप्या कायमचा गेला.

मी एक फांदी वाकवून अण्णांना फुगलेला डोळा दाखवला, सगळं समजावून सांगितलं. ते डोळ्यावर अंगठा फिरवत राहिले.

"म्हंजी, असलंच आंबं लागतेल? ह्याच वासाचं?"

"ह्याच वासाचं, अण्णा."

"मग अर्ध्या काड्या माझ्या." आणि त्यांनी धोतर खोचलं.

"ए दत्तू, वय काय तुझं? पडशील!" आबा म्हणाले.

"तुमच्यापरीस ल्हानच हाय!" वरून आवाज आला.

ओल्या पोत्यावर काड्या पसरल्या. अण्णांनी दोन वाटे पाडले, आबांनी उचलायचा. आबांनी एकावर हात ठेवला, काढला, दुसऱ्यावर ठेवला, पुन्हा पहिल्याकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "सोयरीक जमवायलाव का काय?"

संध्याकाळपर्यंत आमच्याच अंगणात दोन्ही घरांची कलमं बांधली. रोपाचा शेंडा छाटायचा, चीर द्यायची, काडी पाचरीसारखी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. वरून कुल्फीची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. मायनं सगळ्यांना ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या धरणावर फिरून आलो. तुम्हीही सकाळीच जा, पाण्यावर तेव्हा वारा मस्त असतो. मुक्काम मात्र उमरग्यात करा, माकणीत लॉज नाही.

आता मी परत फरशीवर आहे. दसऱ्याच्या तोंडावर मायनं सांगितलं, शेप्या पाडला. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू? या झाडावर पुन्हा चढता येणार नाही. पण गावाला जायला आता एक नवं कारण झालंय, आणि ते दरवर्षी वीतभर वाढणार आहे. माझ्यासारख्या भटक्याला एवढं पुष्कळ.

"आबा कुठंयत?" मी विचारलं.

"अण्णाच्या अंगणात. त्यांची कलमं आपल्यापरीस जास्त फुटलीत. वाटे परत पाडा म्हणून हटून बसलेत."

"आन् अण्णा काय म्हणतेत?"

"म्हणतेत, तुम्हीच पाडा. ह्या बारीला आधी मी उचलणार."