उसवलेली माती

मास्तर पेशाने टेलर. कशाचाच भरवसा वाटू नये, हा स्वभाव. शिवून तयार झालेल्या पँटचेही चार टाके उसवून आतली शिलाई बघायची आणि पुन्हा मशीन मारायची, ही त्यांची खोड. गिऱ्हाईक चिडवायचं, "मास्तर, पैसे शिवायचे घेता की उसवायचे?"

बायको पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आली, तेव्हापासून तर त्यांच्या जिवाला थारा नव्हता. दुकान पुढच्याच खोलीत. एक शिवण मारली की मास्तर आत. "दुखतंय का?" नुकताच डोळा लागलेली ती दचकून उठायची. "आता दुखायला लागलं," म्हणायची.

मागच्या अंगणात तिचं रानफूल होतं. माहेरच्या टेकडीवरून तिने त्याचा कंद डब्यातून आणला होता. पुढे ती टेकडी खाणीने खाल्ली, उरलं ते हे एवढंच. दरवर्षी निळी फुलं यायची, मग पानं वाळून झाड दिसेनासं व्हायचं. मास्तरांनी तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यंदा पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आलं आणि पानं वाळली. हे गेलं तर तीही जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांनी माती उकरली. कंद घट्ट होता. जीव भांड्यात पडला, पण दुपारपर्यंतच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरला. मग रोजच. एका सकाळी बोटाखाली काहीतरी कट्कन तुटलं. पांढराशुभ्र कोंब हातात आला. बिचारा वर यायलाच निघाला होता.

कोंब मुठीत घेऊन ते तिच्या उशाशी उभे राहिले. तिनेच मूठ उघडली.

"रोज उकरत होता?"

"जिवंत आहे का, एवढंच बघत होतो गं."

पोटावर हात दाबून ती हसली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अहो, कंद आहे तो, फुटेल परत. येत्या बहराला फूल येणार नाही, एवढंच." मग तिचं हसू ओसरलं. "झोपेत माझ्या नाकाशी बोट धरता, तेही कळतं मला."

मास्तरांनी मान खाली घातली. "भीती वाटते."

"मलाही वाटते. पण जरा पडू द्या ना. त्यालाही आणि मलाही."

मास्तर दुकानात जाऊन बसले. आत सगळं शांत होतं. त्यांनी सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

आतून आवाज आला, "आहे हो मी."