दीनाबाईंची दोन बोटं आणि मुकं स्टिअरिंग

रोह्यात गाडी चालवणाऱ्या बायकांना कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर निम्म्या तरी जणी दीनाबाईंचं नाव घेतील. दीना आरोन रोहेकर. वय साठीच्या आसपास, ठेंगणा बांधा, सुती पंजाबी ड्रेस, आणि आवाज असा की शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याचाही पाय ब्रेकवर जावा. क्लास शनिवारी बंद आणि रविवारी सकाळपासून चालू. नवीन मुलीला हे उलटं वाटायचं. मग कोणीतरी सांगायचं, बाई ज्यू आहेत, शनिवारी गाडीला हात लावत नाहीत. विषय तिथेच संपायचा.

त्यांचे वडील भाताच्या गिरणीचा ट्रक चालवायचे. आईचा विरोध असताना त्यांनी या मुलीला त्याच ट्रकवर शिकवलं. पुढे भाऊ गेला, बहीण नाओमी गेली, दोघं इस्राएलात स्थिरावली. दीनाबाई मात्र राहिल्या. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तिथे गाड्या उजव्या बाजूने चालवतात. या वयात मी पुन्हा पहिल्यापासून शिकू काय?"

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती. शिकाऊ मुलगी उजवीकडे बसायची, बाई डावीकडे. त्यांच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची जादा जोडी असायची. उजव्या हाताची दोन बोटं त्या स्टिअरिंगच्या खालच्या कडेला नुसती टेकवून ठेवायच्या. जुन्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या आठशे सीसी गाडीत त्या दोन बोटांना सगळं कळायचं. पुढचं डावं चाक मातीवर उतरलं, हवा कमी झाली, मुलगी घाबरून स्टिअरिंग आवळून बसली, यातलं काहीही सांगावं लागायचं नाही. "हाताला काय सांगतंय ते आईक," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य.

त्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली आणि दिवाळीच्या आधी नवी गाडी आली. पांढरी, थंडगार, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगवाली. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक छोटी मोटर, आपण वळवायला लागलो की ती जोर लावते. मी आणि निशिगंधा त्याच आठवड्यात क्लासला लागलो. निशिगंधा डोलवीच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला, कंत्राटावर. कंपनीच्या बसने जाऊन येऊन तिचा दिवस संपायचा, म्हणून तिला स्वतः गाडी चालवत जायचं होतं. आम्हा दोघींना ती गाडी फार आवडली. एका बोटाने वळत होती.

दीनाबाईंना ती पहिल्या फेरीतच खुपली. दोन बोटं टेकवून त्या बसल्या होत्या, निशिगंधाने स्टेशनच्या रस्त्याने गाडी नेली, चांगला दणकून खड्डा लागला, आणि बाई बोटांकडे बघत राहिल्या.

"हाताला कळला का गो तुला?"

"काय?"

"खड्डा."

"व्हय, बसले तिथे कळला ना," निशिगंधा म्हणाली.

"मी हाताचं विचारतंय."

त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की मोटरची बारीक घूं घूं यायची, ती त्यांना सोसायची नाही. वळण संपल्यावर जुनं स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं, हे मध्येच आळसटल्यासारखं थांबायचं, उरलेलं आपण फिरवायचं. मधोमध इकडेतिकडे थोडं हलवलं तर काहीच घडायचं नाही. आणि हायवेला वेग वाढला की ते एकदम घट्ट व्हायचं. "आता कशाला घट्ट झालंस?" बाई त्याला विचारायच्या. "रस्ता तोच, चाक तेच. तुला कुणी सांगितलं आता गंभीर व्हायला?"

आम्ही हसायचो, पण त्या गंमत करत नव्हत्या. चिडचिड करकरून त्यांचा आवाज बसला. ज्या वाक्यावर अख्खा क्लास चालला होता ते वाक्य आता निरुपयोगी झालं होतं. "हाताला काय..." म्हणायच्या आणि अर्ध्यावर सोडून द्यायच्या. आमच्या चुका त्यांना आता उशिरा कळायच्या, मग त्या ब्रेक करकचून दाबायच्या, आणि आमची डोकी पुढे जायची. आधी आम्ही धसकलो, मग वैतागलो. मी तर घरी सांगितलं होतं, दुसरीकडे लावते.

पेणच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी इतक्यांदा गाडी नेली की तिथला अक्षय त्यांना लांबून बघूनच कॉम्प्युटर बाहेर काढायचा. अक्षय शांत मुलगा. प्रत्येक वेळी वायर जोडायचा, तपासायचा, स्वतः चक्कर मारून यायचा.

"दीनाबाई, दोष नाय ह्यात."

"मुकं आहे ते."

"तसंच बनवलंय. खड्ड्यांचे हादरे हातापर्यंत येऊ नयेत म्हणून ती मोटर ते गिळते. लोकांना हात दुखायला नको होते, पार्किंगला जोर नको होता. बरं, पेट्रोलही कमी लागतं, जुन्या तेलाच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनावर सतत चालू असायचा."

"हादरे गिळते ते ठीक. पण त्यांच्याबरोबर सगळंच गिळते."

"थोडं गिळते, मान्य."

"मग थोडं परत दे."

अक्षय नम्रपणे चहा मागवायचा, आणि चहा पिऊन दीनाबाई आणखी चिडून परत यायच्या. नाओमीचा फोन आला की तोच विषय. एकदा गाडीतच फोन आला, स्पीकरवर होता. नाओमी म्हणाली, "दीना, तू नवऱ्याबद्दल कधी इतकं बोलली नव्हतीस." दीनाबाईंनी फोन बंद केला.

परीक्षा जवळ आली. लायसन्सची परीक्षा पेणला, म्हणून बाई त्याआधी एकदा मुलींना पेणपर्यंत घेऊन जायच्या. सकाळी आम्ही निघालो. निशिगंधा चालवत होती, मी मागे. भिसे खिंड टाळून कोलाडवरून हायवेला लागलो. भात कापून झालं होतं, दोन्ही बाजूंच्या शेतांत वालाची कोवळी रोपं दिसत होती. खांबच्या पुढे काम चालू असल्याने रस्ता वळवलेला होता. पुढे उजवीकडे तिरकं वळण, कडेला सिमेंटचे ठोकळे, त्यांच्या मागे मातीचा ढीग.

निशिगंधाने वळवायला घेतलं आणि समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह.

"दीनाबाई, हे फिरत नाय."

तिचे दोन्ही हात ताठ झाले होते. ठोकळे सरळ समोरून येत होते. दीनाबाईंनी ब्रेक दाबला, डावीकडून झेप घेऊन कडं धरलं आणि दोघींनी मिळून ते ओढलं. गाडी कशीबशी वळली आणि ठोकळ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या टेम्पोने जोरात हॉर्न दिला. निशिगंधा रडली नाही, पण तिने हात मांडीवर ठेवले आणि परत स्टिअरिंगला लावायला ती तयार होईना.

बाईंनी अक्षयला फोन लावला. त्याने दिवा कुठला, ब्रेक नीट लागतो का, ते विचारलं. म्हणाला, मोटरची मदत बंद झालीय, चाकं आणि स्टिअरिंग अजून जोडलेलीच असतात, फक्त जड झालंय. ओढणारी गाडी पाठवू का? बाई म्हणाल्या, नको, मी हळू आणते.

आणि मग मी त्यांच्या तोंडावर एक चमत्कारिक उत्सुकता बघितली. त्या उठून उजवीकडे आल्या, सीट पुढे ओढली, ड्रेसच्या बाह्या वर सारल्या. "आता कळेल," म्हणाल्या. इतके दिवस ज्या मोटरच्या नावाने त्या बोटं मोडत होत्या ती बंद पडली होती. जड स्टिअरिंग त्यांच्या हाती परत आलं होतं.

नागोठण्यापर्यंत त्यांनी गाडी हळूहळू आणली. मागून मला त्यांचे खांदे दिसत होते. प्रत्येक वळणाला अख्खं अंग लावावं लागत होतं. कपाळावर घाम आला.

"जड आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "नुसतं जड."

"तुमच्या जुन्या गाडीसारखं?" मी विचारलं.

"नाय. तिचं जड वेगळं होतं." थोडं पुढे गेल्यावर त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बंद मोटरपण मलाच फिरवावी लागतेय. चिखलात पाय ओढल्यागत. खालचं काहीच वर येत नाय. मला वाटायचं, जड असलं की कळतं."

हे म्हणताना त्यांचा आवाज इतका उतरला होता की मला वाईट वाटलं. चिडलेल्या दीनाबाई परवडल्या.

तेवढ्यात डावीकडून निशिगंधा म्हणाली, "डावं चाक कडेवरून खाली गेलं."

बाईंनी गाडी थोडी उजवीकडे घेतली. खरंच गेलं होतं, डांबराची कड सुटून. पण त्यांना ते समजलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"सीटमधून. आवाजपण बदलला." तिच्या बोलण्यात कसलीही प्रौढी नव्हती. "मी बसमध्ये रोज झोपून जाते ना. डोळे मिटलेले असतात, पण कुठे आलो ते कळतं. खांबला बस डावीकडे कलते. वडखळच्या आधी एक पट्टा आहे, तिथे आवाज बारीक होतो. मग उठून मी केस विंचरते."

वडखळ जवळ आल्यावर दीनाबाईंनी आपली काच खाली केली.

वर्कशॉपमध्ये अक्षयने बॉनेट उघडलं, खाली वाकला आणि एक कुरतडलेली वायर वर धरून दाखवली. उंदीर. कापणी झाली की शेतातले उंदीर गाड्यांत शिरतात, असे त्याच्याकडे या मोसमात बरेच येतात, तो म्हणाला. दीनाबाईंनी वायरीकडे बराच वेळ बघितलं. गाडी बनवणाऱ्यांवर, मोटरवर, सॉफ्टवेअरवर त्यांचा जो राग साठला होता तो एका उंदरावर काढायचा म्हणजे फारच झालं होतं. त्या चहाही न घेता बाकावर बसून खांदा चोळत राहिल्या.

पुढच्या फेरीला त्यांनी मला चालवायला बसवलंच नाही. स्वतः चालवायला बसल्या, मला डावीकडे बसवलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. कुठलं चाक खड्ड्यात गेलं ते सांग." रोह्याहून कोलाडपर्यंत मी चुकत चुकत सांगत गेले. चुकले की त्या वैतागून तोच खड्डा मागे जाऊन परत घ्यायच्या. मागच्यांचे हॉर्न त्यांनी कधीच मनावर घेतले नव्हते. मग मी उजवीकडे बसून तेच, आता डोळे उघडे ठेवून, खिडकी खाली करून. एसी लावू द्यायच्या नाहीत. धूळ नाकातोंडात जायची, घाम यायचा, आणि त्या म्हणायच्या, "हाताचं सोड. बसलीस तिथे काय कळतं ते सांग." मला हे पटायला वेळ लागला. पण पावसाळी ओढ्याजवळच्या सैल खडीवर गाडी पुढून जराशी घसरायला लागली तेव्हा मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. का उचलला ते मला सांगता आलं नाही. बाईंचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. दुसरीकडे लावायचा विचार मी त्याच दिवशी सोडला.

निशिगंधाला स्टिअरिंग परत हातात घ्यायला दोनेक आठवडे लागले. बाईंनी तिला रिकाम्या मैदानावर नेलं, गाडी बंद केली आणि बंद गाडीत स्टिअरिंग फिरवायला लावलं. "बघ, फिरतं की नाय? जीव लावून ओढ. हे किती जड होऊ शकतं ते माहीत असलं की भीती नाय." आम्ही दोघी एकाच दिवशी पेणला पास झालो.

निशिगंधाने पुढे स्वतःची गाडी घ्यायची ठरवली आणि बाईंना निवडायला सोबत नेलं. तिथल्या विक्रेत्या मुलाला त्यांनी सळो की पळो करून सोडलं. एक बटण दाबलं की स्टिअरिंग जड होतं, अगदी रेसिंगच्या गाडीसारखं, असं तो कौतुकाने सांगत होता.

"जड होतं की बोलतं?" दीनाबाईंनी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. त्याने बटण दाबून पुन्हा दाखवलं. दीनाबाईंनी सुस्कारा टाकला आणि निशिगंधाला त्या बटणाशिवायची गाडी घ्यायला सांगितली. "गप्प बसलेलं परवडतं. हे नुसता आव आणतंय."

निशिगंधा आता रोज डोलवीला गाडीने जाते. तिच्यासोबत कंपनीतल्या आणखी दोघी असतात. खिडक्या खाली असतात म्हणून त्या कुरकुर करतात, ओढण्या डोक्याला गुंडाळून घेतात. एसी लाव म्हटलं तर निशिगंधा म्हणते, वडखळपर्यंत थांबा, रस्ता ऐकू येऊ दे.