वेळ जुळवणारे साडू

जगातली निम्मी भांडणं दोन घड्याळं न जुळल्यामुळे होतात, असं आमच्या धाकट्या साडूंचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी ते घड्याळं जुळवायला जातात म्हणून होतात, असं माझं. हा माणूस पेणहून रोज रोह्याच्या एका कंपनीत जातो. तिथे नवे ऑपरेटर खऱ्या प्लांटला हात लावण्याआधी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या लुटुपुटीच्या प्लांटवर शिकतात. एका कॉम्प्युटरवर बॉयलर, दुसऱ्यावर पंप, तिसऱ्यावर टाकी. आणि सगळ्यांची वेळ एक ठेवणं हे साडूंचं काम. ती हलली, की पंप बंद झाल्याचं टाकीला कळत नाही आणि ती खुशाल भरत बसते. म्हणून एखादं मशीन मागं पडलं, की साडू बाकीची सगळी थांबवून धरतात. इथवर ठीक, पण घरी आल्यावरही त्यांची शिफ्ट संपत नाही. पंक्तीत प्रत्येकाने वरण ‘आलं’ म्हटल्याशिवाय कुणाला घास घेता येत नाही. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, हे विसरून एकदा ते त्यांच्या ‘आलं’ची वाट बघत राहिले आणि आम्ही गार होणाऱ्या भाताकडे.

त्यांच्या मुलीचं लग्न पेणला होतं. गुरुजी, बँडवाले, आचारी, सगळ्यांची घड्याळं त्यांनी सेकंदापर्यंत जुळवून घेतली. आणि अंतरपाट धरला तरी खांब गावाहून निघालेली त्यांची आई वडखळच्या गर्दीत अडकलेली. नातीवर अक्षता टाकायच्या, एवढ्यासाठी म्हातारी दुखरे गुडघे घेऊन निघाली होती. गुरुजी घाई करू लागले, तसे साडू शांतपणे म्हणाले, “एक जण मागं हाय, गुरुजी. पुढं जायचं नाय.”

मग ज्या ज्या बाईने मंगलाष्टक रचलं होतं, तिच्या हाती माईक गेला. माझ्या बायकोच्या हाती तर दोनदा. नवरदेव या पायावरून त्या पायावर होत होता, मुहूर्त केव्हाच टळला होता आणि सेकंदासाठी जीव टाकणारे साडू दाराकडे बघत होते.

म्हातारी आली. शेवटची ओळ झाली, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, बँडवाल्याने काठी उचलली. साडूंनी त्याचा हात तसाच धरला. आईची थरथरती मूठ अजून उघडत होती. तिचे चार दाणे नातीच्या केसांवर पडले, तेव्हा कुठे त्यांनी तो हात सोडला.

“थांबलास व्हय रे माझ्यासाठी?” तिने विचारलं.

“सगळेच थांबले, आये,” साडू म्हणाले.

पुढे त्यांच्या मुलाचं लग्न लागलं, ते अगदी मुहूर्तावर. म्हातारी तोवर राहिली नव्हती. कुणासाठी थांबायचंच नव्हतं. साडूंना त्याचा आनंद झालेला काही मला दिसला नाही.