भेऊन राह्यलं का कोणी?

गाडी सुरू करण्याआधी निर्मलाताई मागे वळून एकच विचारायच्या, "कोण भेऊन राह्यलं? खरं सांगा." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी नाही." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, भ्यायला काय झालं? ताईंनी मला अकोल्याच्या बसस्टँडसमोर उतरवलं. "न भेणारा माणूस मले गाडीत नाई पायजे. जाय, चा पेऊन ये."

आमची गाडी स्वतः चालणारी, चाचणीची; स्टिअरिंगमागे ताई, मागच्या सीटवर शिकाऊ मी. समोरचं नीट कळलं नाही की ती वेग कमी करते, टुंग टुंग वाजते आणि स्टिअरिंग माणसाकडे सोपवते. माणसाने घेतलं नाही, तर थांबते. ताई तिच्याशी लेकीसारखं बोलायच्या. "भेली का वं बाई? भे. चांगलं असते."

एकदा बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, भर दुपारी, वळण संपताच ती वाजायला लागली. डांबरावर सोयाबीनच्या काड्या पसरल्या होत्या. सुगीत आमच्याकडे पसरतातच. गाड्या वरून गेल्या की शेंगा आपोआप फुटतात. मध्ये एक हिरवी ताडपत्री पडलेली. गाडी जागेवर थांबली. तेवढ्यात मागे, वळणापलीकडून, ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"ताई, सोयाबीन हाय ते! घाला वरून! लोकं त्यासाठीच टाकते!"

"गाडी भेली ना? मंग आपुनबी भ्याचं."

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. तशाच त्या उतरल्या, ओढणी काढली आणि ती हलवत वळणाकडे धावल्या. ब्रेक किंचाळले. ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"मराचं हाय का वं बाई?" ड्रायव्हर ओरडला.

त्या आवाजाने ताडपत्री हलली. खालून राखणीची म्हातारी उठून बसली. "कोन हाय रे?" तिने डोळे चोळत विचारलं. ड्रायव्हर ट्रक बंद करून खाली उतरला. ताई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या. पाण्याची बाटली त्यांनी आधी म्हातारीला दिली.

पुढे ताईंची पुण्याला बदली झाली आणि त्यांची जागा मला मिळाली. नव्या गाडीला सोयाबीन ओळखता येतं. म्हणून काड्या दिसल्या तरी ती वाजत नाही. परवा त्याच वळणाजवळ काड्या दिसल्या, वर ताडपत्रीही. गाडीने वेग जरासुद्धा कमी केला नाही. ब्रेक मी दाबला. उतरून ताडपत्री उचलून पाहिली आणि तिथूनच ताईंना फोन लावला.

"ताई, खाली कोणीच नव्हतं. उगाच भेलो."

 ताई म्हणाल्या, "आज नव्हतं."