उलटेकाकांचा दगड

छापखान्यात त्यांना सगळे उलटेकाका म्हणत, आणि त्या नावात कुणाचाही खवचटपणा नव्हता. काका बॅलेची पोस्टरं दगडावर काढायचे. घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. खडूच्या रेघेला शाई चिकटते, ओल्या दगडाला चिकटत नाही. मग वर कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर उतरतं, पण आरशातल्यासारखं, डाव्याचं उजवं होऊन. म्हणून दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. नाचणारीचा पाय उलटा, मान उलटी, नाट्यगृहाचं नावसुद्धा शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. काकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गप्पा मारता मारता ते कुठलाही शब्द उलटा लिहून दाखवत. छापखान्यात कुणी नवीन माणूस आला की मशीनवाला हमखास म्हणायचा, "काका, यांचं नाव लिहा बरं!" आणि त्या माणसाच्या हातात आरसा द्यायचा. माणूस आरशात स्वतःचं नाव सरळ वाचून हसला की काकाही हसायचे. ही एवढीच त्यांची फुशारकी.

एके काळी नाट्यगृहाची रस्त्याकडची अख्खी भिंत काकांची होती. नव्या बॅलेचं पोस्टर लागलं की कामावर जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघत उभी राहत. काका उडी कधी काढत नसत. उडीच्या आधी जो श्वास घेतला जातो, तो काढत. त्यासाठी सरावाच्या वेळी ते रंगमंचाच्या कडेला स्टुलावर मांडीवर पाटी घेऊन बसत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. आणि चारही दगड एकमेकांवर केसभरही न हलता बसायला हवेत, नाहीतर नाचणारीचा ओठ गालावर जायचा. पोस्टर छापून झालं की दगड वाळूने घासून कोरा करायचा आणि त्यावर पुढचं चित्र काढायचं. धंद्याची रीतच ती. काकांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग फोटोंची पोस्टरं आली. मग तीही गेली आणि भिंतीवर एक झगझगता पडदा लागला. त्यावर नाचणारी एकदा गिरकी घेई, आणि ती पुरी व्हायच्या आत दंतमंजनाची जाहिरात सुरू होई. छापखान्याच्या मालकांनी दगड एकेक करून विकले. कुणी अंगणात पायरीला बसवले, कुणी स्वयंपाकघरात ओट्याला. काका लग्नपत्रिका, औषधांची वेष्टणं असलं जे मिळेल ते करत राहिले.

अशात धाकटी आली.

धाकटी म्हणजे नाट्यगृहाची मुख्य नर्तकी. ती आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता तिच्या निम्म्या वयाच्या मुलीही तिला धाकटीच म्हणत. तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता आणि ती शेवटचा प्रयोग करणार होती.

"काका, माझं पहिलं पोस्टर तुम्ही काढलंत," ती म्हणाली. "शेवटचंही तुम्हीच काढायचं. मी नाट्यगृहात भांडून मान्य करून घेतलंय, तेव्हा आता नाही म्हणू नका."

"अगं, नाही कशाला म्हणेन?" काका म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

कारण त्यांना काहीतरी होत होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुरुवात क्षुल्लक होती. एकदा सदरा उलटा घालून ते चहाला बसले. काकू म्हणाल्या, "अहो, नावाला जागता की काय?" दोघंही हसले. मग एकदा स्वतःच्याच घराचं दार ते बिजागरीच्या बाजूने ढकलत राहिले. मग किराणावाल्याची पाटी. ती रोजचीच पाटी होती, पण त्या दिवशी तिच्यापुढे उभं राहून त्यांना कळेना की ही सरळ लिहिली आहे की उलटी. वाचता येत होती. पण त्यांना दोन्ही बाजूंनी वाचता यायचंच! "काका, काय देऊ?" असं किराणावाल्याने दोनदा विचारलं, तेव्हा गरज नसताना ते काडेपेटी घेऊन घरी आले.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर घरच्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. काकांनी उलटं लिहिलं तर नवल कुणाला वाटणार?

मालकांनी मागच्या खोलीत ठेवलेला शेवटचा मोठा दगड बाहेर काढला. या वेळी एकाच काळ्या रंगात छापायचं ठरलं. काकांनी सवयीने वरच्या कोपऱ्यात नाट्यगृहाचं नाव लिहून बघितलं आणि तपासायला आरसा धरला. आरशात नाव बरोबर दिसलं. बरं वाटून त्यांनी आरसा खाली ठेवला आणि दगडाकडे पाहिलं. तिथेही बरोबर दिसलं. पुन्हा आरसा, पुन्हा दगड. अक्षराचं पोट डावीकडे हवं की उजवीकडे? दोन्हीकडे असलं तरी चालेल, असं त्यांचं डोकं त्यांना सांगत होतं. त्यांनी ओल्या फडक्याने खसाखसा ते नाव पुसायला घेतलं. तेलकट खडू पुसला जाईना, नुसता फासला गेला.

मशीनवाला शेजारीच रूळ धूत होता. त्याची आणि काकांची जन्माची दोस्ती. काकांनी मनाचा हिय्या केला.

"ऐक ना. मला आता उलटं-सुलटं कळेनासं झालंय."

मशीनवाला खो खो हसला. "काका, तुम्हाला ते कधी कळत होतं? म्हणून तर पोटापाण्याला लागलात!"

काकाही हसले. दुसरं काय करणार? पण घरी जाताना त्यांना वाटलं, आपण विहिरीत पडून हाका मारतोय आणि वरचे लोक म्हणताहेत, वा, काय आवाज लागलाय.

त्यांची मोठी बहीण म्हातारपणी अशीच हरवत गेली होती. आधी दारं, मग रस्ते, मग माणसं. शेवटी ती काकांना "तुम्ही कुणाकडे आलात?" असं अगदी अदबीने विचारायची. ती अदब काका विसरले नव्हते. आणि पोस्टर उलटं छापलं गेलं तर? आपली चूक शहरभर भिंतींवर चिकटलेली असेल, धाकटीचं शेवटचं पोस्टर आपल्या रोगाची जाहिरात होईल, आणि ते उलटं आहे हे आपल्याला एकट्यालाच दिसणार नाही.

फासलेलं नाव त्यांनी वाळूने घासून काढलं, पण पुढचे चार दिवस दगड कोराच. काहीतरी बिनसलंय हे काकूंनी त्यांच्या जेवणावरून ओळखलं.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"अहो, भाजीत मीठ घालायला विसरले मी आज, आणि तुम्ही मुकाट्याने जेवताय. एरवी पंचायत बसवली असतीत. बोला."

काका बोलले. काकू हसल्या नाहीत. त्यांचा हात ताटातच राहिला.

"डॉक्टरकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

"जाऊ. पण आधी दगड. डॉक्टरने एकदा रोगाला नाव दिलं की मला खडू हातात धरवणार नाही."

"आणि दगड चुकला म्हणजे?"

"त्याचीच तर भीती वाटतेय गं."

दुसऱ्या दिवशी काकू छापखान्यात आल्या आणि स्टूल ओढून दगडाशी बसल्या. मशीनवाला म्हणाला, "काकू, आज मुकादम झालात वाटतं?" काकू म्हणाल्या, "घरात झालेच आहे, इथेही होते." अक्षरांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. पातळ कागदावर स्वतः नाव लिहिलं, खाली गेरू फासलेला कागद घालून तो दगडावर पालथा चिकटवला आणि मागून दिसणाऱ्या रेघा काकांना गिरवायला लावल्या, म्हणजे दगडावर उमटलेल्या खुणांवरून खडू फिरवता येईल. ही शिकाऊंची कुबडी. काकांनी जन्मात ती वापरली नव्हती. खाली मान घालून त्यांनी मुकाट गिरवलं.

"पण पायाचं काय?" काका हळूच म्हणाले. "अक्षर गिरवून चालतं. पाय गिरवला की मरतो. तो तिच्याकडे बघतच काढावा लागतो."

धाकटी दुपारी आली. काकूंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काका लांबून बघत होते आणि शरमेने त्यांचे कान तापले. धाकटी आली ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, मी जन्मभर डाव्या पायावर उभी राहिले. उजवा मागे, हवेत. पोस्टरवर तसंच हवं."

"हो. म्हणजे दगडावर..." आणि काका अडकले. म्हणजे दगडावर काय?

"आरसा आणू? तालमीच्या खोलीतला मोठा आहे. त्यात बघून काढा."

आरसा आणला. पण आता खोलीत दोन धाकट्या झाल्या, आणि काकांची नजर हिच्यावरून तिच्यावर, तिच्यावरून हिच्यावर घसरू लागली. कुठली खरी? एका क्षणी त्यांना मनापासून वाटलं की काचेतली खरी आहे आणि समोरची आपल्याला फसवतेय. खडू हातातून पडून फुटला.

"आरसा न्या," ते ओरडले. काका कधी कुणावर ओरडत नसत. "न्या तो आधी!"

आरसा गेला. मग धाकटीने मशीनच्या कठड्याला हात लावला आणि पाय बदलला. आता ती उजव्या पायावर उभी होती, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि डावा पाय मागे सावकाश वर जात होता.

"आता काही उलटं करू नका," ती म्हणाली. "जे दिसतंय तेच काढा. उलटं मी झालेय."

"अगं, गुडघा!" काकू म्हणाल्या.

"त्याला अजून एक प्रयोग करायचाय, कुरकुरला तरी जाणार कुठे? काढा काका, लवकर."

काकांनी काढलं. थोडं काढायचं, की तिचा गुडघा थरथरायला लागायचा. मग ती बसायची, काकू गुडघा चोळून द्यायच्या, ती पुन्हा उभी राहायची. ती उठली की दर वेळी काका विचारायचे, "तोच पाय ना?" दर वेळी ती म्हणायची, "तोच." पहिल्यांदा विचारलं ते सवयीने. नंतर नंतर त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मागच्या पायाची रेघ कमरेपासून बोटांपर्यंत एका दमात काढायची होती. ती काढताना मात्र त्यांना डावं-उजवं, बहीण, डॉक्टर, काहीच आठवलं नाही. रेघ संपली आणि भीती होती तिथेच परत येऊन बसली.

छापायला मालकही आले. मशीनवाल्याने रूळ फिरवला, कागद ठेवला, दाब दिला आणि कागद कडेने सोलून उचलला. "वा!" मालक म्हणाले. "वा, उलटेकाका! हात आहे की काय आहे! लोकांना हे हल्ली पुन्हा आवडायला लागलंय, बरं का. आणखी दोन बॅलेंची करून टाका. दगड मी परत मिळवतो."

काकांनी कागदाकडे बघितलं. बाई सुंदर उभी होती. कुठल्या पायावर, ते त्यांना सांगता येईना.

"सरळ आलंय का?" त्यांनी विचारलं.

मालक हसले, मशीनवाला तर टेबलावर थाप मारून हसला. "बघा! अजून आमची फिरकी घेताहेत!"

"नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात चुकीचं उत्तर दिलं की मुलाचा होतो तसा. "खरंच विचारतोय. मला कळत नाही. म्हणून पुढची होणार नाहीत माझ्याच्यानं."

हसू थांबायला वेळ लागला. आधी मालकांचं थांबलं. मशीनवाल्याने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग धाकटीच्या, आणि तो हातातलं फडकं उगाचच घड्या घालून ठेवायला लागला.

धाकटी लंगडत पुढे आली. तिने काकांचं शाईने माखलेलं बोट धरून कागदावरच्या पायावर टेकवलं. शाई ओली होती. घोट्यापाशी डाग पडला.

"हा डावा," ती म्हणाली. "यावर मी उभी आहे. सरळ आहे, काका."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"सरळ आहे," काकू म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी मशीनवाल्याला बाकीच्या प्रती काढायला सांगितल्या, आणि त्या निघत असताना एकेक कागद हातात घेऊन ते काकूंना दाखवत राहिले. काकू प्रत्येक वेळी मान हलवत होत्या.