कंपनीचाच पार्ट लागेल

घोट गिळून घ्या आधी. मी घातलेला घोळ ऐकताना तोंडात चहा नको, समोरच्याचा शर्ट खराब होतो.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही बोईसरजवळच्या दांडी गावचे. बाबांची होडी, आईचं मासळी सुकवायचं काम आणि थोरला हेमंतदादा परदेशी जहाजावर. दोन वर्षं घरी आला नव्हता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दादाची पत्रं म्हणजे नुसती तार. 'मी बरा आहे. तुम्ही बरे असाल.' संपलं! आई पुढचं ऐकायला टक लावून बसलेली. मग मी पदरचं घालायचो. "आये, लिहितो, तुझ्या हातच्या सुकटीची फार आठवण येते." आई डोळे पुसायची. "आणि लिहितो, किश्याला बोंबलाच्या टोपल्या उचलायला लावू नको, त्याची पाठ नाजूक आहे."

तेव्हापासून माझ्या वाटच्या टोपल्या बाबा उचलायचे.

एकदा दादाचा सफाळ्याचा जहाजवाला मित्र सुट्टीवर आला तो भलामोठा खोका घेऊन. आत कंप्युटर! परदेशी, नामांकित कंपनीचा. माझ्या कॉलेजसाठी दादानं पाठवलेला. सोबत पत्र, ते पण चक्क दोन पानी!

"काय लिवलाय?" आईनं विचारलं.

मी पहिलं पान धरलं आणि सवयीनं सुटलो. "लिहितो, आये, हा चालू केलास की काचेत माझं तोंड दिसेल."

"खरंच?"

त्या 'खरंच'नंतर दुसरं पान कोण वाचतो हो? आईनं पदरानं काच पुसली, स्वतःचे केस सारखे केले. मी ऐटीत पिन खोचली, बटण दाबलं.

फट्!

धूर. चुलीत बोंबील पडल्यासारखा वास. मग वाचलं दुसरं पान. पहिल्याच ओळीखाली दोन रेघा ओढलेल्या: 'मागचं लाल बटण दुसऱ्या बाजूला सरकवल्याशिवाय लावू नको, इकडची वीज वेगळी आहे.'

"आता काय लिवलाय?"

"लिहितो, थोडा वेळ लागेल."

डबा मांडीवर घेऊन एसटीनं बोईसर गाठलं. तिथं पांडेजी कंप्युटर दुरुस्त करायचा. त्यानं आत डोकावून बघितलं आणि हसला. "पावर सप्लाय गया."

"मग दुसरा बसवा. मागे ढीग पडलाय की!"

"भाई, ये कंपनीवाला है. इसका सप्लाय पतला, लंबा. छेद अलग, पिन अलग. स्क्रू भी मेरे पेचकस से नहीं खुलता. कंपनी का ही पार्ट लगेगा."

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी त्या एका पार्टची जी किंमत सांगितली ना, तेवढ्यात पांडेजी अख्खा नवा कंप्युटर जोडून देत होता. वर माउसखालचं पॅड फुकट!

बाबा भडकले. "आपल्या होडीला ट्रकचा मशीन हाय! बसवला, गेली दर्यात! ह्याला दुसऱ्याचा का नाय चालत?"

मी डबा परत काचेखाली नेऊन ठेवला.

आई मात्र रोज संध्याकाळी मासळी आवरून, हात धुऊन त्या बंद काचेसमोर बसायची. काचेत तिचंच तोंड दिसायचं. शेजारणींनी विचारलं की सांगायची, "पार्ट यायचाय. मग हेमंत दिसंल."

शेवटी मला ते बघवेना. दादाला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पदरचं काही घातलं नाही. 'आई रोज काचेत तुझं तोंड शोधते. पार्ट पातळ, लांब आहे, नंबर खाली देतो. लवकर पाठव.'

अडीच महिन्यांनी पार्ट आला. दादाच्या हातात! गडी जहाजावरच्या कराराची मुदत संपल्या संपल्या थेट घरीच आला. आईनं त्याच्या गालांवरून हात फिरवला, मग खोका उघडला.

आत नवाकोरा कीबोर्ड.

"तूच दिला होतास ना नंबर?" दादा म्हणाला. "मला वाटलं, पातळ, लांब, हाच असणार!"

नंबर मी कीबोर्डखालचा उतरवला होता. हसा, हसा.

दादा डोकं धरून त्या बंद काचेसमोर बसला. आई मागून वाकली आणि किंचाळली, "दिसला! किश्यानं वाचलावता तसाच दिसला!"

"काय वाचलं होतं?"

आईला सगळी पत्रं तोंडपाठ. सुकट, टोपल्या, पाठ, घडाघडा म्हणून दाखवली. मी गाल तयार ठेवला. दादानं काचेतल्या आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सुकटीचं मी रोज मनात म्हणायचो. पाठीचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून टोपल्या माझ्या डोक्यावर.

महिन्याभरानं दादा परत जहाजावर गेला. कोपऱ्यात एक मेलेला कंप्युटर आणि दोन ठणठणीत कीबोर्ड राहिले. एका संध्याकाळी टोपल्या वाहून दमलो आणि त्याच्यासमोर बसलो. आई सवयीनं मागून वाकली. काचेत मला बघून तिचं तोंड एवढंसं झालं.

"किश्या, ह्यात भलताच पार्ट बसलाय रं," ती म्हणाली. "कंपनीचा मागव."